जिजाची नोकरी

“पेन्शन आम्ही बंद नाही केली, मावशी. तुम्हाला नोकरी लागली, म्हणून ती बंद झाली,” कारकून म्हणाला.

जिजा हसली. तिची ही चौथी खेप होती. जामसरहून जीपने जव्हारला यायचं, कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं, ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकायचं आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायचं. आधीच्या तिन्ही खेपांना कुणी तिची चेष्टा केली नव्हती. आज साहेबाला जरा सवड असेल, असं तिला वाटलं. तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. कोपराखाली वीतभर हात आणि पुढे पिशवीचं तोंड आवळावं तशी गोळा झालेली कातडी.

“हा हात घेऊन माला कोण नोकरी देतंय, साहेब?”

कारकून तरुण होता. माणूस वाईट नव्हता. त्याने हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग त्याने संगणकाचा पडदा तिच्या बाजूला वळवला.

जिजा चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचायची सवय, म्हणून तिने डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. जिजा नवशा भोये. जामसर. पुढच्या रकान्यात ‘पॅकिंग ऑपरेटर’. त्याच्या पुढे एक तारीख, मागच्या वर्षीच्या पावसातली. आणि सगळ्यांत वर कंपनीचं नाव. ते तिला वाचावं लागलं नाही. नावाच्या शेजारी लाल पतंगाची खूण होती, आणि त्या खुणेखालच्या फाटकातून ती एके काळी नऊ वर्षं आत-बाहेर करत होती.

तिचं बोट काचेवरच राहिलं.

त्याच कंपनीच्या वाड्याकडच्या कारखान्यात जिजाचा हात गेला होता. बिस्किटांचे पुडे बांधायचं मशीन. अकरा वर्षं झाली त्याला. तेव्हा तिचा भाऊ ढवळूदादा तिला सोबत घेऊन त्या फाटकापाशी आठ दिवस बसला होता. नवव्या दिवशी आतून एक माणूस आला आणि म्हणाला, ‘या बाईचं नाव आमच्या रजिस्टरात नाही. ठेकेदाराला विचारा.’ ठेकेदाराचा फोन लागला नाही तो आजतागायत.

“मावशी, बऱ्या आहात ना? पाणी देऊ?”

“माझं नाव हाय यांच्याकडं?” जिजा एवढंच म्हणाली. “रजिस्टरात?”

“आहे ना. हे काय समोर. कंपनीच्या संस्थेनं यादी पाठवली वर मंत्रालयात. सत्तेचाळीस दिव्यांगांना रोजगार दिला म्हणून. वरून आमच्याकडे आली. उत्पन्न सुरू झालं की निराधारची पेन्शन थांबते. मशीनच थांबवतं, आमचा हात नसतो त्यात.”

व्हरांड्यात तिच्याच पाड्यावरचे सुकऱ्या आणि काळी तिची वाट पाहत होते. दोघांचीही पेन्शन जिजाची थांबली त्याच महिन्यापासून थांबलेली. सुकऱ्या लहानपणी देवी येऊन दोन्ही डोळ्यांनी गेलेला. काळीचे पाय पोलिओत वाळले. ती तळहातांत रबरी चपला अडकवून जमिनीवरून सरकत चालायची. जिजाने कारकुनाला त्या दोघांची नावं बघायला लावली. दोन्ही निघाली. काळी ‘गोदाम मदतनीस’. सुकऱ्याचं नाव वाचताना कारकून अडखळला.

“काय लिवलंय?” सुकऱ्याने दारातून विचारलं.

“माल तपासनीस.”

“म्हंजे काय करायचं?”

“म्हणजे... पुडा फुटलाय का, छपाई नीट आहे का, ते बघायचं.”

“बघायचं,” सुकऱ्या म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. तो काठी धरून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

काळीला मात्र बोलल्याशिवाय राहवलं नाही. “जिजा, तुला हात व्हता तवा त्यांच्याकडं तुझं नाव नव्हतं. आता हात नाय तर नाव हाय. कसला न्याव गं ह्यो?”

जिजाने कारकुनाला विचारलं, “नाव घातलं कुणी?”

“खाली सही आहे. माहिती खरी असल्याची. संस्थेचा तालुका समन्वयक.” त्याने पान सरकवलं. “दिपेश ढवळू भोये. भोयेच आहेत. ओळखीचे आहेत का तुमच्या?”

काळी जिजाच्या तोंडाकडे बघत होती.

“नाय,” जिजा म्हणाली.

दिपेश तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याच्या आश्रमशाळेच्या चड्ड्या, बारावीची पुस्तकं, जव्हारच्या कॉलेजची फी, सगळं त्या नऊ वर्षांत साठवलेल्या पैशांतून. हात गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. दवाखान्यात तिच्या डोक्यापाशी उभा राहून रडत होता आणि तीच त्याला म्हणत होती, ‘गप, दुसरा हाय अजून.’

*

घरामागच्या खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं. दिपेशने मोखाड्याच्या ऑफिसातून दोन दिवसांची रजा काढली होती. तो आणि ढवळू समोरासमोर उभे राहून फळीवर पेंढ्या आपटत होते. ढवळूची बायको गोदी सुपाने वारवत होती. दिपेशची बायको वर्षा सहा महिन्यांची पोटुशी. ती सावलीत बसून पेंढा बांधत होती. जिजाला येताना पाहून ती म्हणाली, “आत्या, चहा ठेवू?”

 जिजा खळ्याच्या कडेला चप्पल काढून, भातावर पाय पडणार नाही असा वळसा घेऊन दिपेशसमोर गेली.

“दिपेश, मी कुठं कामाला हाय रे?”

दिपेशची पेंढी हवेत होती. ती त्याने आपटली नाही, हळूच खाली ठेवली. त्याच्या एवढ्या करण्यावरून जिजाला सगळं कळलं. जीपमध्ये बसून येईपर्यंत तिने मनाशी किती तरी गोष्टी जुळवल्या होत्या. सही दुसऱ्या कुणी केली असेल, त्याला फसवून घेतली असेल, त्याला ठाऊकच नसेल. त्यातली एकही आता उरली नाही.

“आते, मी सांगणार होतो.”

“कवा?”

“सेंटर चालू झालं असतं की.”

“कसलं सेंटर?” ढवळूने विचारलं.

दिपेश सांगू लागला आणि सांगताना ऑफिसातलं बोलू लागला. मोखाड्यात संस्था पॅकिंगचं सेंटर काढणार होती. अपंगांना बसून करता येईल असं काम. जागा बघितली, फीत कापली, फोटो झाले. मशिनं पुढच्या महिन्यात येणार होती. मग त्याच्या पुढच्या. मार्चआधी आकडा दाखवायचा होता. संस्थेच्या मॅडमनी सांगितलं, नावं आत्ता घाल, माणसं नंतर बसतीलच. पन्नास नावं दिली नाहीत तर समन्वयकच बदलावा लागेल.

“सत्तेचाळीस झाली,” तो म्हणाला. “पहिलं तुझं घातलं. म्हटलं, आते काय बोलायची नाय.”

“आन् पेन्शन?”

“शपथ घेऊन सांगतो, ते माहीत नव्हतं मला. यादी कुठं कुठं जाते ते आम्हाला कुठं कळतंय?”

“पन मागच्या महिन्यात कळलं आसंल,” जिजा म्हणाली. “मी जव्हारला खेपा घालत व्हते. तू घरी येत व्हतास. माझ्यासमोर जेवत व्हतास.”

दिपेशने हाताला चिकटलेलं तूस झटकलं.

गोदीने सूप खाली ठेवलं आणि ती मधे आली. “बास झालं. पोरानं चोरी नाय केली. तुझे पैसे त्यानं खिशात घातले काय? त्याच्या पगारावर ह्या घरात चूल पेटते जिजा, तुझ्या ताटातली भाकरपन त्याचीच हाय.”

“वयनी, मी भाकरीचं बोलते काय?”

“मग कशाचं? एक नाव लिवलं. सोताच्या आतेचं लिवलं, परक्याचं नाय.”

“सुकऱ्याचं लिवलंय. काळीचं लिवलंय.”

गोदीला ते ठाऊक नव्हतं. तिने मुलाकडे पाहिलं, पण तोंडाने माघार घेतली नाही. “आसंल. मोठ्या लोकांचं काम, त्येला आपन काय करनार? आज त्या पोराची नोकरी गेली तर बाळंतपन तुझ्या पेन्शनीवर करायचं काय?”

वर्षा इतका वेळ खाली मान घालून पेंढा वळत होती. तिच्या माहेरी, मोखाड्याच्या अलीकडे, तिचा मुका भाऊ होता. ती उठून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, “हेमराजचं नाव घातलंत तुम्ही?”

दिपेशने खाली ठेवलेली पेंढी पुन्हा उचलली.

“माझी आई मला फोनवर म्हणाली, तुझ्या नवऱ्याला विचार, पेन्शन का येईना. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, सर्व्हर बंद आहे.” वर्षाचा आवाज चढला नाही. ती पेंढा तिथेच टाकून घरात निघून गेली.

आता ढवळू आपल्या बाजूने बोलेल, असं जिजाला वाटलं. फाटकापाशी आठ दिवस तिच्यासोबत बसलेला हा भाऊ. तो फळीवर टेकून बसला होता आणि पायाच्या अंगठ्याने भाताचे दाणे एका जागी गोळा करत होता.

“दादा, तू बोल ना कायतरी.”

“मी काय बोलू, जिजा.” त्याने मान वर केली नाही. “तुझं अपंगाचं कारड ट्रंकेतून मीच काढून दिलं त्याला. तो म्हनला, लागतंय. माला वाटलं, रबरी हात मिळतो तसला तुला मिळंल. मंग त्याच्या हातातल्या कागदावर पतंग दिसला. मी वळखला. तरी नाय विचारलं.”

“का नाय विचारलं?”

“भ्यालो,” ढवळू म्हणाला. “पोराला नोकरी त्यांचीच, ह्ये तवाच कळलं माला. विचारलं आसतं तर सोड म्हनावं लागलं आसतं.”

जिजा खाली बसली. दिपेशची संस्था त्याच पतंगवाल्याची, हे तिला आज कळत होतं. दोन वर्षं तो ‘संस्था, संस्था’ म्हणायचा, मालक कोण ते कधी निघालंच नाही. दुकानातला साबण त्या शेठचा, मीठ त्याचं, सूर्यमाळच्या वाटेवर नवी हॉटेलं होणार म्हणतात ती त्याची. हात खाल्ला तो कारखाना त्याचा आणि त्या हाताच्या पैशांवर शिकलेला पोरगाही आता त्याचाच चाकर. एवढं सगळं एकाच माणसाचं असू शकतं, हेच तिच्या डोक्यात मावेना. आपल्या पाड्यावर ज्याच्याकडे चार बैल, त्याला लोक श्रीमंत म्हणतात.

“त्याला आमचे पैसे कशाला रे लागले?” तिने विचारलं. ती भांडत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं.

“त्याला नाही मिळाले ते, आते. कुणालाच नाही मिळाले. ते नुसते बंद झाले.” दिपेश तिच्यासमोर उकिडवा बसला. “त्याला ठाऊकसुद्धा नसेल.”

“मंग त्याला सांगाय पायजे.”

“तुला काय वाटतं, असं जाऊन सांगता येतं? त्यांच्यापुढं मोठे मोठे साहेब हार घेऊन रांगेत उभे असतात.”

“तूच परवा म्हनलास ना, संस्थेचा मोठा शेठ शुक्रवारी मोखाड्याला यायचाय.”

दिपेशने आईकडे पाहिलं. गोदीने सूप उचललं आणि पाठ फिरवून पुन्हा वारवायला घेतलं. त्या दिवसापासून ती जिजाशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण सरकवून द्यायची.

*

शुक्रवारी संस्थेच्या कार्यक्रमाला शेठ हेलिकॉप्टरने आला. मोखाड्याच्या मैदानात धुरळा असा उठला की मांडवाची एक बाजू उडाली आणि रांगेत बसलेल्या अपंगांच्या डोक्यावरच्या टोप्या उडाल्या. काळीची टोपी तिच्या हाताला येईना, तेव्हा जिजाने ती आणून दिली. टोपीवर पतंग होता.

यादीतलं पहिलं नाव म्हणून जिजाला रांगेत पहिलं उभं केलं होतं. मॅडमनी स्वतः येऊन तिचा पदर नीट केला, उजवा हात झाकला होता तो बाहेर काढून ठेवला आणि म्हणाल्या, “असाच राहू दे हं, ताई.” दिपेश त्यांच्या मागे यादी धरून उभा होता. त्याचा चेहरा तापातून उठल्यासारखा दिसत होता.

शेठ उंच नव्हता, आडदांड नव्हता. पांढरा सदरा, पायात साध्या चपला. जिजाने अकरा वर्षं ज्याला मनात शिव्या दिल्या होत्या तो माणूस तिने असा कल्पिला नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली झोप नसल्यासारखी काळी वर्तुळं होती. त्याने सवयीने हात पुढे केला, तिचा उजवा हात दिसताच तो मागे घेतला आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याचे हात लोण्यासारखे मऊ होते.

तारपा वाजत होता, कॅमेरेवाले ओरडत होते. जिजाने चार दिवस घोकलेलं एका दमात म्हटलं. “शेठ, मी तुमच्याकडं कामाला नाय. माझा हात तुमच्या मशीनमदी गेला, तवा तुम्ही म्हनलात नाव नाय. आता नाव घातलंय ते काढा. आमची सत्तेचाळीस जनांची पेन्शन बंद झाली. माणसं उपाशी हायेत.”

शेठने कान पुढे केला होता. त्याला मराठी नीटशी कळत नसावी. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसून इंग्रजीत काही बोलल्या. लांबलचक बोलल्या. शेठचे डोळे भरून आले. जिजाने ते पाहिलं, अगदी जवळून पाहिलं. त्याने तिचा हात आणखी घट्ट दाबला, कपाळाला लावला आणि पुढे सरकला.

सगळं मिळून एक मिनिटसुद्धा गेलं नसेल.

परतीच्या जीपमध्ये जिजाला वारा गोड लागत होता. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “ऐकलं त्यानं. डोळ्यात पानी आलं रे त्याच्या. माणूस हाय शेवटी. उगाच मी इतकी वर्सं...” दिपेश तिच्या शेजारी बसला होता. जीप खोडाळ्याचा फाटा ओलांडून खाली उतरली तरी त्याने तोंड उघडलं नाही.

“तू बोलत का नाय?”

“आते, मॅडम काय म्हणाल्या, कळलं तुला?”

“मी म्हनले तेच ना.”

“नाही.” त्याने घसा साफ केला. “त्या म्हणाल्या, ही बाई अपघातात हात गमावून घरी बसली होती. तुमच्यामुळे तिला काम मिळालं. ती म्हणते, सत्तेचाळीस घरं तुमचं नाव घेऊन जेवतात.”

जिजाला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग ऐकू आलं. तिने आपला डावा हात मांडीवर उलटा करून पाहिला, जणू त्याच्यावर काही लागून राहिलं होतं. समोर बसलेली भाजीवाली काहीतरी विचारत होती, तिला उत्तर द्यायचंही तिला सुचेना. शिवी दिली असती, धक्का मारला असता, पोलिसांकरवी बाहेर काढलं असतं, तरी तिला समजलं असतं. पण तिचे शब्द तिच्या तोंडातून निघून त्याच्या कानापर्यंत जाताना वाटेत बदलले होते, आणि ती समोर उभी होती. त्या माणसापर्यंत काही पोचतच नाही. त्याच्याभोवती कुंपण आहे आणि ते कुंपण माणसांचं आहे. त्यातलाच एक आपल्या शेजारी बसलाय, हेही तिच्या ध्यानात आलं.

“तू तिथंच व्हतास,” ती म्हणाली. “तुला विंग्रजी येतंय. त्याच्यासाठीच तर शिकवलं.”

दिपेशने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जीपभर लोक होते, त्यांच्यादेखत तो रडला. जिजाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं वाटत असूनही ठेवला नाही.

*

सोमवारी दिपेश स्वतःहून कचेरीत आला. सोबत ढवळू, जिजा, सुकऱ्या आणि काळी. वर्षा आली नव्हती. ती रविवारी सकाळीच भावाकडे निघून गेली होती. दिपेशच्या हातात त्याने दोन रात्री बसून लिहिलेला जबाब होता. यादीतल्या कुणालाही कधीही काम दिलेलं नाही, सेंटर बंद आहे, नावं मी घातली, सही माझी आहे.

कारकुनाने तो दोनदा वाचला. मग आवाज खाली करून म्हणाला, “हे दिलंत की परत घेता येणार नाही. खोटी माहिती दिली असं तुम्हीच लिहून देताय. गुन्हा दाखल होऊ शकतो तुमच्यावर. कंपनीवर काही होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यांचे वकील म्हणतील, पोरानं परस्पर केलं.”

“म्हणतीलच,” दिपेश म्हणाला. “शनिवारी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ऑफिसची किल्ली काढून घेतली.”

जिजाला हे ठाऊक नव्हतं.  थांब म्हणावं, कागद फाडावा, या पोराला हाताला धरून घरी न्यावं, पेन्शन गेली तर गेली. शब्द अगदी ओठावर आला. तेवढ्यात मागून सुकऱ्याने विचारलं, “लिवलं काय गं त्यानं माझं नाव?” आणि तिने ओठ मिटले.

“लिवलंय,” ती म्हणाली.

“प्रत्येकाचा जबाब वेगळा लागेल,” कारकून म्हणाला. “आज जिजाबाईंचा घेतो. दोन साक्षीदार द्या. बाई घरीच असते, कुठे कामाला जात नाही, हे स्वतः बघितलेले. यादीतलं कुणी चालणार नाही.”

ढवळूने पुढे होऊन अंगठा दिला. दुसरं कुणी नव्हतं. सुकऱ्या यादीत, काळी यादीत. जव्हारच्या बाजाराचा दिवस नव्हता, जामसरचं माणूस कुठे भेटणार? ढवळू रस्त्यावर जाऊन कुणी दिसतं का ते पाहून आला.

तेव्हा गोदी व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. दुसऱ्या जीपने ती एकटीच आली होती. पदर सुटलेला, तोंड रागाने लाल. ती सरळ आत आली आणि तिने दिपेशचा दंड धरला.

“ऊठ. घरी चल. बाप भोळा हाय, आते तुझी दुखावलीय. मी शानी हाय अजून. जेलात जायचंय तुला? तुझं पोर जन्माला यायचंय.”

“आई, सही झाली.”

गोदीने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्याचा निळा अंगठा तेवढा तिला ओळखू आला. तिने दंड सोडला नाही, पण ओढायची थांबली. बाकावर सुकऱ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला होता. काळी खाली फरशीवर, दोन्ही हातांतल्या चपला काढून मांडीवर घेतलेली. 

“एका साक्षीदाराचं अडलंय, काकू,” कारकून म्हणाला, “तुम्ही घरच्याच आहात का यांच्या?”

“भावजय.”

“मग तुम्हाला माहीत असेल. या बाई कुठे नोकरीला आहेत का?”

जिजाने गोदीकडे पाहिलं नाही. तिची हिंमत झाली नाही. गोदी नाही म्हणाली, तर मुलगा आपल्या हाताने बुडवल्यासारखं. हो म्हणाली, तर नणंद. दोन्हींतलं काहीही म्हणायचा तिला हक्क होता, असं जिजाला त्या क्षणी वाटलं.

 गोदीने मुलाचा दंड सोडला.

“नोकरीला?” ती कारकुनाला म्हणाली. “अकरा वर्सं मी हिची वेनी घालते, साहेब. हिला एका हातानं वेनी घालता येत नाय. कुठं नोकरीला आसंल ही?”

तिने अंगठा शाईत बुडवला आणि कारकुनाने दाखवलेल्या जागी दाबून ठेवला, इतका वेळ की कारकुनाला तो उचलून घ्यावा लागला.

“पैसे कवा चालू होतील?” ढवळूने विचारलं.

“वर पाठवतो. बघू.”

गोदीने अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली. दिपेशच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. मग आठवड्यात पहिल्यांदा ती जिजाकडे वळली.

“ऊठ. दोनची जीप सुटंल,” ती म्हणाली. “काळीला धर त्या बाजूनं.”